जर्मनीत एका सेमिस्टरसाठी जाताना बॅग कशी भरायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट उजाडला की आमच्या घरी माळ्यावरचा वजनकाटा खाली येतो. मी पुण्याहून एका हिवाळी सेमिस्टरसाठी जर्मनीला गेले होते. परत आल्यापासून दरवर्षी कॉलेजमधल्या दोन-चार ज्युनिअर मुलामुलींच्या बॅगा भरायला बसते. प्रश्न बहुतेक तेच असतात, आई-बाबांचे तर हमखास तेच. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते.

सगळ्या उत्तरांमागे एकच हिशोब आहे. बॅग सहा महिन्यांसाठी भरायची नसते. ती पहिल्या दहा दिवसांसाठी भरायची, आणि तिथे मिळतच नाहीत अशा मोजक्या वस्तूंसाठी. बाकीचं सगळं जर्मनीत दुकानात मिळतं, आणि बरंचसं आपल्याला वाटतं त्यापेक्षा स्वस्त मिळतं.

किती किलो नेता येतं?

ते तिकिटावर लिहिलेलं असतं, तेच प्रमाण. साधारणपणे एक 23 किलोची चेक-इन बॅग आणि 7-8 किलोची केबिन बॅग. काही विमान कंपन्या विद्यार्थ्यांना जादा बॅग किंवा जादा किलो देतात. पण त्यासाठी तिकीट काढतानाच विद्यार्थी भाडं निवडावं लागतं, नंतर सांगून उपयोग होत नाही. जादा वजनाचे पैसे भरले तरी एक बॅग 32 किलोच्या वर घेतच नाहीत, कारण ती उचलणाऱ्या माणसाच्या पाठीचा विचार त्या नियमामागे आहे.

माझा आग्रह 21 किलोवर थांबण्याचा. घरचा काटा आणि विमानतळावरचा काटा यांत अर्धा-एक किलो इकडेतिकडे होतो. शिवाय विमानतळापासून वसतिगृहापर्यंत ही बॅग तुम्हालाच ओढायची आहे: ट्रेन बदलताना, जिने चढताना, दगडी फरसबंदीवरून. जुन्या गावभागातली ती फरसबंदी बॅगेची चाकं खाते. दोन मोठ्या बॅगा घेऊन फलाट बदलणं एकट्या माणसाचं काम नाही.

कधी पोहोचावं, याचा बॅगेशी काय संबंध?

फार मोठा संबंध आहे, आणि हा प्रश्न कुणी विचारत नाही म्हणून मीच विचारते.

जर्मन विद्यापीठांचं हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री 1 ऑक्टोबरला सुरू होतं आणि तासिका साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून. त्यामुळे वसतिगृहाचे बहुतेक करार 1 ऑक्टोबरपासूनचे असतात. आता कॅलेंडर बघा. 3 ऑक्टोबर हा जर्मन एकीकरणाचा दिवस, देशभर सुट्टी. रविवारी दुकानं बंद असतात. आपल्याकडे रविवारी बाजार फुलतो, तिथे रविवारी दूधसुद्धा मिळायची पंचाईत. 2026 मध्ये 3 ऑक्टोबर शनिवारी येतोय, म्हणजे सलग दोन दिवस सगळं बंद. मोठ्या रेल्वे स्टेशनांवरची आणि विमानतळांवरची काही दुकानं तेवढी उघडी सापडतील.

त्यात खोलीची किल्ली बहुतेक ठिकाणी 'हाउसमाइस्टर' देतो, म्हणजे इमारतीची देखभाल बघणारा माणूस. त्याच्या वेळा ठरलेल्या असतात आणि शनिवार-रविवार तो नसतो. मी शुक्रवारी संध्याकाळी सातला पोहोचले. किल्ली सोमवारी. तीन रात्री युवा वसतिगृहात काढल्या, आणि लागणाऱ्या सगळ्या वस्तू मोठ्या बॅगेच्या तळाशी होत्या. टॉवेल काढायला अख्खी बॅग आठ जणांच्या खोलीत उघडावी लागली. तेव्हापासून मी सांगते की शक्यतो सोमवार ते गुरुवार, सकाळी उतरणारं विमान घ्या. ते जमत नसेल तर पहिल्या दोन दिवसांचा संसार केबिन बॅगेत ठेवा.

मग केबिन बॅगेत नेमकं काय?

एक पूर्ण कपड्यांचा जोड, आतले कपडे दोन, पातळ टॉवेल, एक पातळ चादर, दात घासायचं सामान, पहिल्या आठवड्याची औषधं, चष्मा, लॅपटॉप, चार्जर, प्लगचा अ‍ॅडॉप्टर, पेन. खायला दशम्या किंवा ठेपले, तेलातले, आणि शेंगदाण्याची चिक्की. द्रव पदार्थ 100 मिलीच्या आतल्या बाटल्यांत, आणि त्या सगळ्या मिळून एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत.

पॉवर बँक केबिनमध्येच हवी. चेक-इनमध्ये सापडली तर बॅग उघडून काढतात. 100 वॅट-तासांपर्यंतची विनापरवानगी चालते. 20,000 एमएएचची पॉवर बँक साधारण 74 वॅट-तासांची असते, तेव्हा ती बिनधास्त न्या. फक्त तिच्यावर छापलेले आकडे पुसले गेलेले नसावेत, सुरक्षा तपासणीत तेच बघतात.

कागदपत्रं कुठली, आणि ती कुठे?

हातात. चेक-इन बॅगेत एकही मूळ कागद नको. पासपोर्ट-व्हिसा, विद्यापीठाचं प्रवेशपत्र, आपल्या कॉलेजचं एक्स्चेंजचं पत्र, आरोग्य विम्याचा कागद, खोलीचा करार, ब्लॉक्ड अकाउंटची (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेलं खातं, त्यातून दरमहा ठरलेला हप्ता मिळतो) किंवा शिष्यवृत्तीची पावती, गुणपत्रिका. शेंगेन देशांत, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांत, पहिल्यांदा ज्या विमानतळावर उतराल तिथेच इमिग्रेशन होतं, आणि तिथला अधिकारी प्रवेशपत्र आणि राहायची सोय विचारू शकतो. विमान व्हिएन्नामार्गे असेल तर हा प्रसंग व्हिएन्नालाच येईल.

खोलीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करायची असते. त्याला 'आनमेल्डुंग' म्हणतात. त्यासाठी घरमालकाचं किंवा वसतिगृहाचं सहीचं पत्र लागतं, ते किल्ली घेतानाच मागून घ्या. बँक आणि इतर बरीच कामं या नोंदीवर अडून राहतात. सगळ्या कागदांच्या दोन-दोन प्रती आणि फोनमध्ये स्कॅन ठेवा, आणि एक संच घरी आईच्या ईमेलवर.

थंडीचे कपडे इथून घ्यावेत की तिथून?

थर्मल इथून, जाकीट तिथून. हे माझं ठाम मत.

जर्मन लोक थंडीच्या कपड्यांना 'कांद्याची पद्धत' म्हणतात, आणि नाशिक-लासलगावच्या माणसाला ती वेगळी समजावून सांगायला नको. पापुद्र्यावर पापुद्रा. अंगालगत थर्मल, त्यावर साधा सुती किंवा लोकरी टी-शर्ट, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर वारा आणि पाऊस अडवणारं जाकीट. बाहेर पारा शून्याखाली असला तरी वर्गात, बसमध्ये, ग्रंथालयात हीटर चालू असतो आणि तिथे वीसेक अंश असतात. आजीने विणलेला जाडजूड स्वेटर घालून तासाला बसलात तर दहा मिनिटांत घाम फुटतो, आणि खाली काही घातलेलं नसेल तर तो काढताही येत नाही. काढता-घालता येणारे पातळ थर म्हणूनच जास्त कामाचे.

थर्मलचे दोन जोड, फ्लीस एक, लोकरी मोजे तीन-चार, कानटोपी आणि हातमोजे इथून न्या. कानटोपी कान झाकणारी हवी, नुसती डोक्यावर बसणारी नको. मुख्य जाकीट तिथे घ्या. आपल्याकडे 'हेवी विंटर' म्हणून विकलेलं जाकीट बऱ्याचदा नुसतं फुगलेलं असतं, वारा आरपार जातो. तिथल्या सेकंडहँड दुकानांत आणि फ्ली मार्केटमध्ये चांगली जाकिटं कमी पैशांत मिळतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला इतकी थंडी नसते, तुम्हाला शोधायला दोन-तीन आठवडे मिळतात. त्या दिवसांपुरतं एक साधं विंडचीटर पुरे.

तापमानापेक्षा अंधाराचा त्रास जास्त होतो, हे मात्र आधी कुणी सांगत नाही. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बर्लिनला सकाळी सव्वाआठला उजाडतं आणि चारच्या आत सूर्य मावळतो. वसतिगृहाच्या खोलीत एकच पांढरा दिवा असतो. मी नेलेल्या वस्तूंमध्ये मला सगळ्यात जास्त साथ दिली ती दिवाळीच्या पिवळ्या दिव्यांच्या माळेने. वजन दोनशे ग्रॅमसुद्धा नव्हतं.

बूट?

एक चालायचे, रोजचे. पायात घालूनच विमानात बसा, वजन वाचतं. पाणी न शिरणारे, तळ खाचांचा असलेले हिवाळी बूट तिथे घ्या, जाड मोजे घालून मापाचे बघून. इथे साध्या मोज्यांवर घेतलेले बूट तिथे हमखास घट्ट होतात. खोलीत आणि सामायिक बाथरूममध्ये वापरायला रबरी चपला मात्र इथूनच.

मसाले आणि खाण्याचं काय? तिथे भारतीय दुकान असतं ना?

असतं. मध्यम शहरातही एखादं असतंच. तूरडाळ, मूगडाळ, बासमती, कणीक, जिरं-मोहरी, हळद, हिंग, पोहे, रवा हे सगळं मिळतं. त्यासाठी बॅगेतला एक किलोही खर्च करू नका.

पण तिथल्या 'भारतीय' दुकानाची चव उत्तरेकडची किंवा दक्षिणेकडची असते. आपलं तिथे सापडत नाही. गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, आमसुलं, कारळ्याची आणि जवसाची चटणी, कोल्हापूरकरांसाठी कांदा-लसूण मसाला, मालवणकडच्यांसाठी तिरफळ. बॅगेतली खाण्याची जागा यांची. एका माणसाला सहा महिन्यांना गोडा मसाला पाव किलो, आमसुलं दोनशे ग्रॅम, मेतकूट पाव किलो, भाजणी एक किलो, चटण्या मिळून अर्धा किलो पुरते. सगळं सव्वादोन किलोत बसतं. पहिल्या आठवड्यासाठी म्हणून मुगाची खिचडी मिसळून भरलेल्या चार पुड्या करा: तांदूळ, डाळ, हळद, मीठ, जिरं, सगळं आतच. नुसतं पाणी घालून शिजवायचं. दुकानं बंद असलेल्या त्या शनिवार-रविवारी त्या पुड्या फार उपयोगी पडतात.

प्रत्येक पाकिटावर इंग्रजीत नाव लिहा. बिनानावाची तपकिरी पूड बघून कस्टमच्या माणसाला प्रश्न पडणं स्वाभाविक आहे. हिंगाची डबी न्यायचीच असेल तर दुहेरी पिशवीत आणि कपड्यांपासून लांब.

तूप, पेढे, लाडू?

नाही. हे उत्तर ऐकून आया फार नाराज होतात, पण नियम स्पष्ट आहे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत. तूप, खवा, पेढे, बर्फी, पनीर, सुकं मटण, सुकट-बोंबलाशिवायचं सगळं सामिष यात आलं. मासळीला वेगळे नियम आहेत, पण वासामुळे तीही नको, असं माझं मत. सापडलं तर जप्त होतं आणि दंडही होऊ शकतो. तुपातल्या लाडवांवर तिथे उभं राहून वाद घालायची वेळ आणू नका, ते विमानतळावर निरोप द्यायला आलेल्यांना वाटून टाका.

दिवाळी साधारण तासिका सुरू होण्याच्या सुमारास किंवा त्यानंतर थोड्याच दिवसांत येते, त्यामुळे फराळ न्यावासा वाटणारच. तो न्या, फक्त तेलातला: चिवडा, चकली, कडबोळी, तेलाचं मोहन घातलेल्या आणि दूध न घातलेल्या शंकरपाळ्या.

आणि तुपाची काळजी नको. जर्मनीत बिनमिठाचं लोणी 250 ग्रॅमच्या वडीत कुठल्याही दुकानात मिळतं. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवायचं. आधी फेस येतो, मग चुरचुर आवाज, आवाज थांबला आणि तळाशी बदामी बेरी दिसली की उतरवायचं. दोन वड्यांचं महिनाभराचं तूप होतं. 'क्वार्क' नावाचा दह्यासारखा घट्ट पदार्थ मिळतो, तो आपल्या चक्क्याचा सख्खा भाऊ. फडक्यात तासभर बांधून ठेवला, साखर-वेलची-केशर घातलं की श्रीखंड. वेलची आणि केशर मात्र इथून न्या.

ताजा कढीपत्ता, आंबे, लिंबं?

नकोत. ताजी फळं, भाज्या, पानं यांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर एवढ्यांनाच त्यातून सूट आहे.

लोणचं नेता येईल का?

चेक-इनमध्ये येईल, पण तेल गळतं आणि मग सगळी बॅग लोणच्याची होते. माझ्या मैत्रिणीचं लिंबाचं लोणचं बरणीतून झिरपलं आणि तिचं एकुलतं एक जाकीट हळदीचं झालं. तिथे धुलाईयंत्राचे पैसे दर वेळी मोजावे लागतात, आणि तो डाग तीन धुण्यांतही गेला नाही. न्यायचंच असेल तर कारखान्यात सील केलेलं पाकीट न्या, ते झिपच्या पिशवीत, ती पिशवी डब्यात. खारातली मिरची किंवा तक्कू घरून भरून नेऊ नका.

विमानात कुठल्या घरगुती वस्तू चालत नाहीत?

तीन गोष्टी मराठी बॅगांत नेहमी सापडतात. पहिली, सुकं खोबरं. त्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत. दुसरी, कापूर, ज्वालाग्राही. काडेपेटी-लायटरही त्यातच. तिसरी, खसखस. ही युरोपात चालते, पण तुमचं विमान दुबई किंवा अबुधाबीमार्गे असेल तर सावध राहा. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. आणि आपल्या गोड्या मसाल्यात खसखस असते, हे त्या घाईत कुणाच्या लक्षात येत नाही. आखाती मार्ग असेल तर आईला आधीच सांगा, यंदाचा मसाला खसखशीशिवाय भाजा.

प्रेशर कुकर न्यावा का?

न्यावा, छोटा, दोन किंवा तीन लिटरचा. तिथे मिळतो, पण महाग. वसतिगृहात गॅस नसतो, विजेच्या शेगड्या असतात: कुठे लोखंडी तव्यांच्या, कुठे काचेच्या, कुठे इंडक्शन. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर पहिल्या दोन्हींवर चालतो, इंडक्शनवर नाही. शेगडी कुठली आहे ते माहीत नसेल तर इंडक्शन बुडाचा स्टीलचा घ्या. एक जादा रिंग आणि जादा शिट्टी सोबत ठेवा. कुकरच्या पोटात मोजे आणि मसाल्याच्या पुड्या भरा, रिकामा नेऊ नका.

कुकरबरोबर एक गोष्ट सांगायलाच हवी. फोडणीचा धूर. जर्मनीत झोपायच्या खोल्यांत धुराचे अलार्म सक्तीचे आहेत, आणि खोलीतच छोटं स्वयंपाकघर असेल तर मिरचीच्या फोडणीने तो वाजतो. काही इमारतींत तो थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो, आणि विनाकारण बोलावलं तर बिल येऊ शकतं. खिडकी उघडा, दार लावा, तेल धुरावू देऊ नका. अलार्मवर पिशवी बांधायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

पोळ्यांसाठी काय न्यायचं?

लाटणं. पोळपाट नको, ओटा पुसून त्यावर लाटा. जड लोखंडी तवाही नको, तिथलं साधं पॅन चालतं. भारतीय कणीक संपली तर दुकानातलं 1050 क्रमांकाचं गव्हाचं पीठ घ्या. जर्मनीत पिठाला क्रमांक असतात. 405 म्हणजे आपला मैदा, क्रमांक वाढेल तसा कोंडा वाढतो. 1050 च्या पोळ्या थोड्या चिवट होतात, पण होतात.

आपले चार्जर तिथे चालतील का?

वीज तिथेही 230 व्होल्टचीच, तेव्हा कन्व्हर्टर नको. फक्त भोकं वेगळी. आपला तीन पिनांचा प्लग बसत नाही. दोन चांगले अ‍ॅडॉप्टर घ्या. तिथे लॅपटॉप घ्यायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेडची जागा उलट असते.

औषधं किती?

नियमित चालू असलेली औषधं स्वतःपुरती, जास्तीत जास्त तीन महिन्यांची. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, टाइप केलेली, आणि औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहिलेली. आपल्या ब्रँडची नावं तिथे कुणालाच कळत नाहीत. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, सुट्या करून डबीत नको. कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, झोपेच्या गोळ्या यांवर कडक नियम आहेत, आणि आखातातून जात असाल तर आणखी कडक. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बॅगेत टाकू नका.

ताप, सर्दी, पोट यांची साधी औषधं आठवडाभराची न्या. पॅरासिटामॉल तिथल्या औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. अँटिबायोटिक मात्र चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि डॉक्टर सहजासहजी देतही नाहीत. घरातली उरलेली अँटिबायोटिक्स 'असू देत' म्हणून नेऊ नका. रात्री-अपरात्री डॉक्टर लागला तर 116117, जीवावर बेतलं तर 112. हे दोन आकडे जाण्याआधीच फोनमध्ये टाका.

जाण्याच्या महिनाभर आधी दात दाखवून घ्या. हा सल्ला मी प्रत्येकाला देते. बॅगेत याचं वजन शून्य.

चष्मा, लेन्स?

दोन चष्मे, नंबरचा कागद. लेन्सचं पाणी तिथे सहज मिळतं.

अंथरूण-पांघरूण मिळतं का?

वसतिगृहाच्या खोलीत बहुतेक पलंग, गादी, टेबल, कपाट असतं. उशी, पांघरूण, चादर नसते. ऑक्टोबरच्या पहिल्या रात्री नुसत्या गादीवर झोपायची वेळ अनेकांवर येते. म्हणून केबिन बॅगेत ती पातळ चादर, आणि मोठ्या बॅगेत सोलापुरी चादर. ती खाली घालता येते, वर घेता येते, आणि थंडीत हीटरजवळ बसताना अंगाभोवतीही. उशी नेऊ नका, अभ्रेही नेऊ नका. जर्मन उशी 80 बाय 80 सेंटिमीटरची चौकोनी असते, आपले अभ्रे तिला बसत नाहीत.

भारतातला मोबाइल नंबर चालू ठेवावा का?

हो, आणि हे काम निघायच्या आठवडाभर आधी करा. बँकेचे ओटीपी, आधारचे ओटीपी, परीक्षा अर्ज, सगळं त्याच नंबरावर येतं. सहा महिने बंद पडणार नाही असा रिचार्ज मारा, आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करा आणि रोमिंगमधला डेटा बंद ठेवा. घरच्यांना वेळेचा फरकही सांगून ठेवा. ऑक्टोबरमध्ये पोहोचाल तेव्हा भारत साडेतीन तास पुढे असेल. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, मग तो फरक साडेचार तासांचा होतो. त्या आठवड्यात आजीचा फोन हमखास तासात वाजतो.

रोख किती न्यावी?

ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे पोहोचल्या पोहोचल्या हातात पडत नाहीत. आधी पत्त्याची नोंद, मग बँक खातं, मग हप्ता, यात दोन-तीन आठवडे सहज जातात. तेवढ्या दिवसांचं खाणं, पहिलं भाडं आणि खोलीची अनामत यांची सोय फॉरेक्स कार्डावर हवी. त्याशिवाय 200-300 युरो रोख, आणि तेही 10-20 च्या नोटांत. छोट्या बेकऱ्या आणि बाजारातले ठेले अजूनही रोखीवर चालतात.

संडासात पाणी नसतं, त्याचं काय?

हा प्रश्न सगळे शेवटी, हळू आवाजात विचारतात. लाजायचं काही नाही. फक्त कागद असतो. एक प्लास्टिकचा हलका मग न्या किंवा दाबून पाणी येणारी प्रवासी बाटली. सामायिक संडास असेल तर बाटली बरी, पिशवीतून नेता येते. फरशीला पाणी जायला जाळी नसते, त्यामुळे फरशी कोरडी ठेवायची सवय लावून घ्या.

साडी, कुर्ता, भेटवस्तू?

एक चांगला जोड न्याच. मोठ्या शहरांत मराठी मंडळं आहेत, दिवाळीचा कार्यक्रम होतो, आणि विद्यापीठातही परदेशी विद्यार्थ्यांचे आपापल्या देशाचे कार्यक्रम असतात. पॉलिएस्टरची हलकी साडी नेण्यापेक्षा सुती इरकल न्या, थर्मलवर ती अंगावर नीट बसते.

भेट म्हणून शेंगदाणा चिक्की उत्तम, दूध-तूप नसलेली. वर 'शेंगदाणे' असं जर्मनमध्ये लिहा: 'एर्डन्युस्से'. अ‍ॅलर्जीबद्दल तिथे फार काळजी घेतात.

देव?

छोटी तसबीर. उदबत्ती लावायची झाली तर उघड्या खिडकीशी, अलार्म लक्षात ठेवून.

उन्हाळी सेमिस्टरला जाणाऱ्यांसाठी काय वेगळं?

ते 1 एप्रिलला सुरू होतं. एप्रिलमध्ये कधी ऊन तर कधी बर्फ, त्यामुळे थर्मलचा एक जोड आणि विंडचीटर हवंच. जाड जाकीट घ्यायची गरज नाही. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, झोपताना डोळ्यांवर बांधायला पट्टी न्या.

आई आणखी दोन किलो भरतेच आहे. काय करू?

तिला काट्यासमोर बसवा आणि तिलाच निवडू द्या. मी प्रत्येक घरी असंच करते. 'हे काढ' म्हटलं की ती रडवेली होते, पण 'तुला यातलं कुठलं एक द्यायचंय?' विचारलं की ती स्वतःच शांतपणे निवडते. मागच्या वर्षी एका आईने सगळ्या पुड्या काढल्या आणि भाजणीचा डबा ठेवला. झाकणाच्या आतून चिठ्ठी चिकटवली होती: एक वाटी भाजणी, कांदा, तिखट, मीठ, कोमट पाण्याने भिजव, भोक पाडायला विसरू नकोस.

परत येताना सामान वाढतं, त्याचं कसं?

जाताना बॅगेचा पाव भाग रिकामा असेल तर येताना अडत नाही. जाकीट, बूट, भांडी, उशी नव्याने आलेल्या मुलांना विका किंवा द्या. मार्चच्या शेवटी वसतिगृहाच्या गटांवर त्याची मोठी देवघेव चालते. कुकरही तिथेच सोडा, पुढच्या सेमिस्टरला येणारं कुणीतरी मराठी पोर तो घेतं. माझा अजून तिथेच आहे, रिंग दोनदा बदलली आहे. निघण्याआधीच्या आठवड्यात नगरपालिकेत पत्ता सोडल्याची नोंद करा, तिला 'आबमेल्डुंग' म्हणतात. तिचा कागद बँक खातं आणि विमा बंद करायला लागतो. तोही हातातल्या पिशवीत, पासपोर्टच्या मागे.